उरलेल्या गोळ्या

“आजपासनं ह्या घरातनं कुणालाबी, कसल्याबी दुखण्यावर, एकबी गोळी मिळणार न्हाई! जग हिकडचं तिकडं झालं तरी न्हाई!”

गेणबानं उंबऱ्यावर उभं राहून, उजवा हात वर करून ही घोषणा केली. सरकार अशी घोषणा करतं तेव्हा मागे कापडी फलक असतो आणि पुढे खुर्च्या असतात. गेणबाच्या मागे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल होता आणि पुढे शेजारची रंभाबाई होती. रंभाबाईनं घोषणा शेवटपर्यंत ऐकून घेतली, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली,

“बरं. एक न्हाई तर न्हाई. अर्धी द्या.”

गेणबाचा हात वरच राहिला. लोक चिडतील, रुसतील, कारण विचारतील, हे सगळं त्यानं धरलं होतं. कुणी घासाघीस करील, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“अर्धी बी न्हाई.”

“ती तांबडी-पिवळी हाय बगा, टोपणवाली. जाई द्यायची ती. टोपण काढून नुसती पूड दिली तरी चालंल.”

“काय होतंय तुमाला, वैनी?”

“बायामाणसाचं असतं कायबाय. तुमाला कशाला सांगू?”

“मग गोळी न्हाई.”

“आन् सांगितलं तर?”

“तरी न्हाई.”

“मग इचारता कशाला? डाक्टर हाय व्हय तुमी?” रंभाबाईनं पदर खोचला. “जाई होती तवा ह्या दारातनं माणूस रिकाम्या हातानं जात नव्हतं. आन् तुमी तिच्या म्हागं दवाखान्याला टाळं लावताय.”

ती तरातरा निघाली, कुंपणापाशी थांबली आणि वळून म्हणाली, “आन् तुमचा च्या पाणचट असतो, भावजी. जाईकडं बगून आजवर बोलले न्हाई.”

घोषणा यशस्वी झाली होती. गेणबा घरात येऊन पलंगावर बसला. पातेल्यात दोन कपांचा चहा होता. तो त्यानं एकट्यानं प्यायला. खरंच पाणचट होता.

कासार आंबोलीच्या बौद्धवस्तीतला गेणबाच्या बायकोचा, जाईबाईचा, दवाखाना कुणी मुद्दाम काढला नव्हता. पौड रस्त्याच्या कडेनं बंगले झाले, त्या बंगल्यांतून तो आपोआप निघाला. बंगलेवाले शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. सोमवारी सकाळी जाईबाई झाडलोट करायला आणि गेणबा झाडांना पाणी घालायला जायचा. शहरातल्या माणसांनी काहीच पुरं केलेलं नसायचं. अर्धा पाव, अर्धी जॅमची बाटली, अर्धं वाचून पालथं घातलेलं पुस्तक, आणि ताप उतरल्यावर टेबलावर टाकून दिलेलं गोळ्यांचं अर्धं पाकीट. पुस्तक जाईबाई सरळ करून ठेवी. बाकीचं घरी येई.

“घेऊन जा हो जाईबाई,” अण्णासाहेब म्हणायचे. हे सगळ्यांत जुने बंगलेवाले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि खोकल्याला फार घाबरणारे. “भारी अँटिबायोटिक आहे. मला दोन दिवसांतच बरं वाटलं. टाकून कशाला द्यायचं?”

टाकून देणं जाईबाईला जन्मात जमलं नव्हतं. ती कात्रीनं पाकिटाचे तुकडे करायची. एका तुकड्यात एक गोळी, म्हणजे वाटायला सोपं. त्यात औषधाचं नाव एका तुकड्यावर जायचं, तारीख दुसऱ्यावर, आणि बाकीच्यांवर नुसती चांदी राहायची. तिची अडचण होत नसे, कारण ती रंगानं ओळखायची. पांढरी लांबोडकी घशाला, गुलाबी जुलाबाला, तांबडी-पिवळी टोपणवाली ‘खालच्या जळजळीला’. हे सगळं पलंगाखालच्या बिस्किटांच्या डब्यात असे.

दवाखान्याचा नियम एकच होता. दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं, तर उरलेल्या परत आणून द्यायच्या. दुसऱ्याच्या कामी येतात. वस्तीत उसनी नेलेली साखर कधी परत आली नसेल, कुदळ तर नाहीच नाही. पण गोळी परत यायची. न सांगता, धुतलेल्या वाटीतून, वर झाकण घालून यायची. इतका प्रामाणिक कारभार तालुक्यात दुसरा नव्हता.

जाईबाई स्वतःसाठी तर आणखीच काटकसर करी. तिला ती खालची जळजळ बरीच वर्षं अधूनमधून व्हायची. एक गोळी घ्यायची, थोडा आराम पडला की दुसरी डब्यात परत ठेवायची. दुसऱ्याच्या तोंडची कशाला खायची, म्हणून.

पाऊस सरता सरता तिला हुडहुडी भरली. तांबड्या-पिवळ्या गोळीनं ताप उतरला, परत चढला. गुलाबीनं उतरला नाही. पांढरीनं नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेले होते. तिथं औषधांवर औषधं झाली, आणि मग तोंडाला मुसकं बांधलेला एक तरुण डॉक्टर गेणबाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “बाबा, आम्ही तपासून पाहिलं. आमच्याकडे आहे त्यातलं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नाहीये. त्यांनी आधी फार अँटिबायोटिक घेतली होती का?”

गेणबाची मान ताठ झाली. बायकोचं कुणी नाव काढलं की व्हायची तशी.

“घेतल्या न्हाईत सायेब, वाटल्यात. सगळ्या वस्तीला.”

डॉक्टरनं मुसकं खाली ओढलं. मग त्यानं समजावून सांगितलं. अर्धवट औषध दिलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि दांडगे उरतात. उरलेल्यांची पैदास होते. पुढच्या वेळी त्यांना त्या औषधाचं काही वाटत नाही. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं गेणबाला नंतर पुष्कळदा वाटलं.

त्याला हे चटकन समजलं, ते वानरांमुळे. अण्णासाहेबांच्या पेरूंवर वानरं यायची. पहिल्या वर्षी एक फटाका वाजवला की टोळी डोंगरापर्यंत पळायची. गेणबा एकच वाजवायचा, दुसरा उद्यासाठी ठेवायचा. दुसऱ्या वर्षी भित्री तेवढी पळाली. तिसऱ्या वर्षी फटाका वाजला की जेवणाची घंटा झाल्यासारखी ती भिंतीवर येऊन बसायला लागली. जाईच्या पोटात आता ती भिंतीवरची वानरं बसली होती. दोन दिवसांनी जाई गेली.

वस्तीतलं झाडून सगळं माणूस आलं. पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा उरली नाही. वस्तीतला विश्राम चांगला बोलणारा. तो म्हणाला, “जाईआक्का म्हंजी गोरगरिबांची डाक्टर. ती गेली, पर तिचं काम न्हाई गेलं.” गेणबानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

मग माणसं यायची थांबली. यात कुणाची चूक नव्हती, ज्याला त्याला आपापली कामं होती. गेणबाला मूलबाळ नव्हतं. टीव्ही लावला की त्यातली माणसं आपसांत बोलायची, याच्याशी नाही. आणि एके सकाळी विश्राम घसा धरून आला, पांढरी लांबोडकी घेऊन चहाला बसला. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी आलं. रंभाबाई तर गुडघ्याचं, डोक्याचं, कशाचं ना कशाचं निमित्त काढून येऊ लागली. आल्या आल्या गेणबाच्या झाडू मारण्याला नावं ठेवायची, मग बसायची. गेणबाला कळत होतं, की ही माणसं पलंगाखालच्या डब्याकडे येतात. पण डबा काही चहा पीत नव्हता. चहा त्यांना गेणबाबरोबर प्यावा लागत होता.

डॉक्टरचं बोलणं तो विसरला नव्हता. ते त्यानं डब्याच्याही मागे, भिंतीच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं. इतकंच नाही, डबा हलका वाटायला लागला तेव्हा तो आपण होऊन अण्णासाहेबांकडे गेला आणि “काही उरलंसुरलं हाय का?” म्हणून विचारून आला. जाईबाईनं कधी मागितलं नव्हतं. मिळेल ते घेतलं होतं.

आणि मग त्या घोषणेच्या आदल्या दिवशी विश्राम वाटी घेऊन आला. धुतलेली वाटी, वर झाकण.

“हे घे. परत आणल्या बग. दोनातच उतरला ताप. लई गुणाच्या हायेत.”

वाटीत तांबड्या-पिवळ्या टोपणवाल्या होत्या. ‘दोनातच उतरला’ हे जाईनं याच पलंगावर बसून, याच आवाजात म्हटलं होतं. गेणबानं वाटी घेतली. त्या रात्री त्याला झोप आली नाही आणि सकाळी तो उंबऱ्यावर उभा राहिला.

घोषणेनंतर वस्तीत चर्चा झाली. एक मत असं पडलं, की गेणबा गोळ्या महाळुंग्याच्या सोसायट्यांत विकतो. दुसरं मत असं, की तो सगळ्या एकटाच खाणार आहे आणि शंभरी गाठणार आहे. विश्राम रस्त्यात भेटला की लांबूनच “जय भीम” घालायचा आणि मोबाइल कानाला लावायचा. मोबाइल वाजलेला नसायचा.

गेणबानं डबा घरातून काढायचं ठरवलं. कचऱ्यात टाकला तर कुणीतरी उचलील, ओढ्यात ओतला तर गुरं पितील. तो पिशवीत घालून रस्त्याकडेच्या औषधाच्या दुकानात गेला.

“बदलून मिळणार नाही,” दुकानदार म्हणाला.

“बदलून नकोत. नुसत्या घ्या.”

“विकलेला माल परत घेत नाही, काका.” आणि त्यानं बोट दाखवलं, तिथं तसं लिहिलेलं होतं.

अण्णासाहेबांनी त्याला आपुलकीनं बसवलं, सगळं ऐकून घेतलं, “भयंकर आहे हो, लोकांना अक्कल नाही,” असं म्हणाले. आणि पिशवी त्याच्या हातात परत देत म्हणाले, “असू द्या घरात. लागतात कधीतरी.”

माणसाच्या हातून गोळी सुटून माणसाकडे जाताना त्याला कितीदा तरी दिसली होती. ती परत घेणारं माणूस दिसलं ते फक्त जाईबाईच. डबा पुन्हा पलंगाखाली गेला.

आता घरी कुणी येत नव्हतं. रंभाबाई नळावर यायची, गेणबा दिसला की हंड्याकडे बघायची. तेवढ्यातही त्यानं दिलासा मानला. निदान हिंडतेय. मग एक दिवस ती नळावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही तिचा हंडा दिसला नाही. तिचा रवी महाळुंग्याला फ्लॅट घेऊन राहिलेला, घरात ती एकटीच. गेणबानं दोनदा कुंपणापर्यंत चक्कर मारली. ज्या घरातून आपल्याला चहावरून बोलणं बसलंय, तिथं कोणत्या तोंडानं जायचं, हा प्रश्न होता. तिसऱ्या चकरेला तो आत गेला.

रंभाबाई खाटेवर गोधड्यांच्या ढिगाखाली होती. बाहेर फक्त नाक होतं.

“कशाला आलाय?” नाक म्हणालं.

“नळावर दिसला न्हाईत.”

“थंडी हाय हवेत.” गोधड्या थरथरत होत्या. दारातून ऊन थेट खाटेवर आलं होतं.

“गोळी घेतली का कुटली?”

“तुमच्या दारात न्हाई आले भीक मागायला. इश्रामनं दिल्या. त्याच्याकडं जाईनं दिलेल्या हुत्या ठेवणीतल्या. दोन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या त्याला परत दिल्या. नियम हाय न्हवं.”

गेणबानं कोपऱ्यातल्या तिच्या वहाणा आणून खाटेपाशी ठेवल्या.

“वैनी, उठा. पौडच्या दवाखान्यात जाऊ.”

“मी न्हाई येत. उद्या बरं वाटंल.”

मग गेणबानं तिला वानरांचं समजावून सांगितलं. फटाका, भिंत, पेरू, सगळं. रंभाबाईनं गोधडीतून डोळे बाहेर काढले.

“माज्या पोटात वानरं हायेत म्हंता? भावजी, बाईमाणसाशी बोलायची ही रीत झाली व्हय?”

डॉक्टरसारखं सांगायला गेलं की असं होतं. तो खाटेशेजारी खाली बसला आणि साधं आठवलं ते बोलला.

“जाई शेवटाला अशीच बसली होती, वैनी. अशाच उन्हात. अंगावर दोन गोधड्या आन् तरी थंडी वाजत होती. तिसरी तुमीच आणून घातली.”

रंभाबाईनं आपल्या अंगावरच्या गोधड्यांकडे पाहिलं. त्यातली सर्वांत वरची, हिरव्या काठाची, तीच होती. जाईबाई गेल्यावर गेणबानं धुऊन परत पाठवलेली.

“लुगडं कुटलं नेसू?” तिनं विचारलं. “डाक्टरीण हाय का डाक्टर?”

टमटममध्ये ती सगळ्या वाटेनं गेणबाच्या खांद्याला धरून बसली आणि सगळ्या वाटेनं टमटमवाल्याला शिव्या घालत राहिली. शिव्या बारीक होत गेल्या तशी गेणबाला जास्त भीती वाटली.

डॉक्टरीण होती. मेधा नावाची, तरुण, फार न बोलणारी. तिनं रंभाबाईला ठेवून घेतलं, लघवी तपासायला पाठवली आणि सांगितलं, की कुठलं औषध चालेल हे कळायला दोनतीन दिवस लागतील, तोवर अंदाजानं देऊ. रवीला फोन गेला. तो संध्याकाळी कामावरून यायचा, दिवसभर बाकावर गेणबा असायचा. डॉक्टरीण कागद घेऊन आली की तो उठून उभा राहायचा. कागद दुसऱ्याच कुणाचा असला की बसायचा. एका घरात जे झालं तेच दुसऱ्या घरात आपल्याच डब्यातून पोचलेलं आहे, हे बाकावर बसलं की उजेडात ठेवल्यासारखं दिसायचं. आणि हेही दिसायचं, की ही बाई गेली तर आपल्या चहाला वाईट म्हणणारं जगात कुणी उरणार नाही.

शेवटी कागद रंभाबाईचाच आला.

“आजोबा, बहुतेक औषधं निकामी ठरली आहेत,” डॉक्टरीण म्हणाली. “एक चालेल. एकच. रोज इंजेक्शन, पूर्ण मुदत. एकही दिवस सोडायचा नाही.”

“एक हाय?” गेणबानं विचारलं.

“एक आहे.”

तो खाली बसला. जाईला एवढंच हवं होतं. एक.

त्याच दिवशी घरी जाऊन त्यानं डबा आणला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरिणीनं झाकण उघडलं, रंगीबेरंगी तुकडे बोटानं चाळले आणि काही न विचारता डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. इतकी साधी गोष्ट होती. गेणबाला दवाखान्यातून बाहेर पडताना हात कुठं ठेवावेत ते कळेना.

इंजेक्शनांनी रंभाबाईला चारपाच दिवसांत उतार पडला आणि तिची भाषा पूर्ववत झाली. त्यासरशी तिनं बिऱ्हाड आवरायला घेतलं.

“बरी हाय मी आता. उरलेली विंजेक्शनं त्या समोरच्या बाईला द्या. बिचारी लई खोकती.”

“वैनी!”

“का? वाया जाऊ द्यायची व्हय?”

गेणबानं तिच्या पायाशी ठाण मांडलं. सकाळी सुई टोचून होईपर्यंत तो तिथून हलायचा नाही. रंभाबाई त्याला पोलीस म्हणायची, फौजदार म्हणायची, एकदा तर वानर म्हणाली. पण शेवटची सुई झाली, त्या दिवशी तिनं दंड पुढं करताना तोंडातून शब्द काढला नाही. डोळे मिटून घेतले. गेणबाला वाटलं, तिला जाई आठवली असावी. त्यानं विचारलं नाही.

बरी होऊन ती परत वस्तीत येईल, कुंपणाशी उभी राहून नावं ठेवील, असं गेणबानं मनात सगळं मांडून ठेवलं होतं. घर झाडलं, चहात पावडर जास्त घालून बघितली. पण ती घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रवी गाडी घेऊन आला, तो आईला न्यायलाच. फ्लॅटच्या खालीच दवाखाना आहे, लिफ्ट आहे, इथं एकटीला काय झालं असतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. तो गेणबाच्या पाया पडला. “काका, तुमच्यामुळं आई हाय,” म्हणाला. तेही खरं होतं. आईला वाचवलं म्हणूनच ती चालली होती. यात कुणाला दोष देता येण्यासारखी जागाच नव्हती. गेणबानं शोधून पाहिली.

गाडीत तिचं बोचकं गेलं, हंडा गेला, हिरव्या काठाची गोधडी गेली. वस्तीतली माणसं जमली होती. विश्रामही होता, मोबाइल खिशात ठेवून. एवढी माणसं एका जागी पाहून गेणबाला वाटलं, आता बोलावं. जाईचं कसं झालं, रंभावैनीचं कसं टळलं, उरलेल्या गोळ्या घरात ठेवणं का बरं नाही, सगळं एकदा सांगून टाकावं. आणि त्याच्या आडोशानं, कुणाच्या लक्षात न येता, तिला थांब म्हणावं. त्यानं घसा साफ केला. उजवा हात आपोआप वर गेला.

“मंडळी—”

“भावजी!” गाडीच्या खिडकीतून रंभाबाईनं हाक मारली. “हिकडं या आदी.”

तो हात खाली घेऊन गेला.

“म्हागच्या पडवीत पाटीखाली कालच कोंबडी अंड्यांवर बसवलीय. खुडूक हाय. तिला सकाळ-संध्याकाळ दाणापाणी ठेवा.”

“ठेवतो.”

“नुसतं ठिवून पळू नका. तिला माणसाच्या आवाजाची सवय हाय, मी रोज बोलायची तिच्याशी. आवाज न्हाई आला तर उठून जाती. जरा टेकत जावा तितं. काय बी बोलत जावा.”

“काय बोलू?”

रवीनं गाडी सुरू केली. रंभाबाईनं खिडकीतून डोकं आणखी बाहेर काढलं.

“काय बी बोला. फकस्त ते गोळ्यांचं भाषण तेवढं नको, भावजी. अंडी नासतील.”